रवींद्र म्हात्रे यांची हत्या : घटना, अन्वयार्थ आणि विस्मरण

प्रस्तावना

पुण्यात मुठा नदीवरील एका पुलाला म्हात्रे पूल असे नाव आहे. एरंडवणे भागातील मंगल कार्यालयांच्या निमंत्रणपत्रिकांवर 'म्हात्रे पुलाजवळ' ही खूण दर लग्नसराईत छापली जाते. रिक्षाचालकास ती पुरते, पाहुण्यांसही पुरते. हा पूल ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते रवींद्र हरेश्वर म्हात्रे हे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील भारताच्या साहाय्यक उच्चायुक्तालयात राजनैतिक अधिकारी होते. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र व्यवहाराच्या इतिहासात या घटनेस महत्त्वाचे स्थान आहे. तरीही पुलाचे नाव घराघरांत पोहोचले आणि माणूस मात्र त्या नावामागे हरवला, असे म्हणावे लागते.

हे विस्मरण केवळ काळाच्या ओघाने घडले काय, असा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. या घटनेविषयी जे लिहिले व बोलले गेले त्यात म्हात्रे यांचे नाव येते. परंतु ते बहुधा दुसऱ्या एका नावाच्या आधी, कारण म्हणून येते. ते दुसरे नाव म्हणजे मकबूल भट. म्हात्रे यांची हत्या झाली आणि भट यांना फाशी झाली, या एका वाक्यात संपूर्ण घटना बसविली जाते. हे वाक्य तपशिलाने खोटे नाही. मात्र त्याची रचना कोणी केली आणि ती रचना स्वीकारल्याने काय गमावले गेले, याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

घटनाक्रम

३ फेब्रुवारी १९८४ हा शुक्रवार होता. त्या संध्याकाळी म्हात्रे कार्यालयातून घरी निघाले होते. ते सार्वजनिक बसने प्रवास करीत. मुलीचा वाढदिवस असल्याने त्यांच्याजवळ केक होता, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. बार्टली ग्रीन या उपनगरात बसमधून उतरल्यावर त्यांना पळवून नेण्यात आले. त्यानंतर लंडनमधील रॉयटर या वृत्तसंस्थेकडे एक पत्र पोहोचले. त्यात 'काश्मीर लिबरेशन आर्मी' या नावाने अपहरणाची जबाबदारी घेतली होती. दहा लाख पौंडांची खंडणी आणि भारतातील तुरुंगात असलेले मकबूल भट व त्यांचे सहकारी यांची मुक्तता, अशा मागण्या होत्या. मुदत अत्यंत अल्प होती. दोन दिवसांनी, ५ फेब्रुवारी रोजी, लेस्टरशायरमधील शेताकडे जाणाऱ्या एका रस्त्यावर म्हात्रे यांचा गोळ्या घातलेला मृतदेह आढळला.

ज्यांच्या सुटकेची मागणी होती ते भट त्या वेळी दिल्लीच्या तिहार कारागृहात मृत्युदंडाचे कैदी होते. १९६६ मध्ये काश्मीरमध्ये अमरचंद या पोलीस अधिकाऱ्याची हत्या झाली होती. त्या खटल्यात १९६८ मध्ये न्यायाधीश नीलकंठ गंजू यांनी भट यांना मृत्युदंड ठोठावला. त्याच वर्षाच्या अखेरीस भट श्रीनगरच्या तुरुंगातून निसटले आणि युद्धविराम रेषेपलीकडे गेले. जानेवारी १९७१ मध्ये 'गंगा' या भारतीय विमानाचे अपहरण करून ते लाहोरला नेण्यात आले. त्या प्रकरणाशीही त्यांचे नाव जोडले गेले. १९७६ मध्ये ते पुन्हा काश्मीरमध्ये आले आणि पकडले गेले. म्हणजे म्हात्रे यांच्या अपहरणाच्या वेळी भट यांच्या मूळ शिक्षेस पंधरा वर्षे होऊन गेली होती आणि त्यांचा दयेचा अर्ज राष्ट्रपतींच्या निर्णयाधीन होता.

म्हात्रे यांचा मृतदेह सापडल्यानंतर घटना वेगाने घडल्या. दयेचा अर्ज फेटाळला गेला. फाशी थांबविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात अखेरच्या क्षणी धाव घेण्यात आली, पण स्थगिती मिळाली नाही. ११ फेब्रुवारी १९८४ रोजी तिहारमध्ये भट यांना फाशी देण्यात आली आणि त्यांचा देह कारागृहाच्या आवारातच पुरण्यात आला. पंधरा वर्षे रेंगाळलेला प्रश्न सहा दिवसांत निकाली निघाला.

इकडे ब्रिटनमध्ये तपास स्वतंत्रपणे चालू होता. १९८५ मध्ये तेथील न्यायालयाने दोन तरुणांना या प्रकरणी दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा दिली. म्हात्रे यांच्या हत्येचा न्याय असा जर कोठे झाला असेल तर तो या खटल्यात झाला. परंतु महाराष्ट्रातील सर्वसाधारण सुशिक्षित वाचकास विचारले असता तो बर्मिंगहॅमच्या खटल्याचा नव्हे, तिहारच्या फाशीचा उल्लेख करील, अशीच शक्यता अधिक. या एका गोष्टीत पुढील विवेचनाचे बीज आहे.

संघटनेचे नाव आणि संशयाची भाषा

परदेशात राजनैतिक अधिकाऱ्याची हत्या झाली की पहिल्या दिवसाच्या बातमीत 'अतिरेक्यांचा हात असल्याचा संशय' हे शब्द हमखास येतात. मराठी वृत्तपत्रीय भाषेत ऐंशीच्या दशकात 'अतिरेकी' हा शब्द रुळला होता. पुढे 'दहशतवादी' या शब्दाने त्याची जागा बऱ्याच अंशी घेतली. या दोहोंत अर्थाचा भेद आहे. 'अतिरेकी' हा शब्द माणसाच्या वृत्तीचे प्रमाण सांगतो, तर 'दहशतवादी' हा शब्द त्याच्या कृतीचा हेतू सांगतो. दोन्ही शब्द कृती कोणी केली हे मात्र सांगत नाहीत. ते काम पुराव्याचे आहे. बातमीतील 'संशय' हा शब्द दुसऱ्या दिवशी गळतो आणि उरलेले वाक्य निर्णयासारखे वाचले जाते, हा नित्याचा अनुभव आहे.

'काश्मीर लिबरेशन आर्मी' हे नाव त्या पत्रापूर्वी फारसे कोणी ऐकलेले नव्हते. जम्मू-काश्मीर लिबरेशन फ्रंट ही संघटना मात्र सर्वज्ञात होती आणि तिची स्थापना १९७७ मध्ये बर्मिंगहॅम येथेच झालेली होती. त्यामुळे नवे नाव हे जुन्या संघटनेने घेतलेला मुखवटा असावा, असा तर्क त्वरित केला गेला. हा तर्क निराधार नव्हता. फ्रंटचे नेते अमानुल्ला खान यांना पुढे ब्रिटनमध्ये अटक झाली. ज्या आरोपाखाली त्यांच्यावर खटला चालला त्यातून ते निर्दोष सुटले आणि तरीही १९८६ मध्ये त्यांना ब्रिटनमधून हद्दपार करण्यात आले. न्यायालयाची कसोटी आणि शासनाच्या सुरक्षाविचाराची कसोटी भिन्न असते, हे यातून दिसते. अभ्यासकाने या दोन कसोट्यांची सरमिसळ करता कामा नये. दोषी ठरले ते दोघे. संशय राहिला तो अनेकांवर.

बर्मिंगहॅमच का, या प्रश्नाचे उत्तर सामाजिक इतिहासात आहे. पाकिस्तानव्याप्त काश्मीरमधील मीरपूर परिसरात झेलम नदीवर मंगला धरण बांधले गेले; ते १९६७ मध्ये पूर्ण झाले. त्यात लाखभर लोक विस्थापित झाले आणि त्यांतील अनेक कुटुंबे ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत कामासाठी गेली. कारखान्यांत राबणाऱ्या या समाजाच्या वस्तीत काश्मीरचे राजकारणही पोहोचले. म्हात्रे ज्या कार्यालयात काम करीत होते ते अशा शहरात होते. हा संदर्भ हत्येचे समर्थन करीत नाही. त्याचप्रमाणे दोन-चार जणांच्या कृत्याची जबाबदारी संपूर्ण विस्थापित समाजावर टाकण्यासही तो आधार देत नाही. धरणाखाली घर गेलेल्या माणसाचे दुःख काय असते हे उजनीच्या काठावरील सोलापूर जिल्ह्यास वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. आणि त्या दुःखातून हत्या अपरिहार्यपणे निपजत नाही, हेही या जिल्ह्यास ठाऊक आहे.

त्याच वर्षी याच्या उलट बाजूची घटना महाराष्ट्रात घडली. २७ नोव्हेंबर १९८४ रोजी मुंबईत ब्रिटनचे उपउच्चायुक्त पर्सी नॉरिस यांची, ते मोटारीने कार्यालयात जात असताना, गोळ्या घालून हत्या करण्यात आली. जबाबदारी घेणारे नाव होते 'रेव्होल्यूशनरी ऑर्गनायझेशन ऑफ सोशालिस्ट मुस्लिम्स'. हे अबू निदाल यांच्या पॅलेस्टिनी गटाने वापरलेले नाव असल्याचे मानले गेले. फेब्रुवारीत ब्रिटनच्या भूमीवर भारताचा अधिकारी मारला गेला आणि नोव्हेंबरात भारताच्या भूमीवर ब्रिटनचा. दोन्ही ठिकाणी मारेकऱ्यांचे भांडण मृत व्यक्तीशी नव्हते. दोन्ही ठिकाणी अल्पपरिचित नाव पुढे करून ज्ञात संघटना मागे राहिली, असा संशय होता. या दोन हत्या एकत्र वाचल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते : अशा कृत्यात संघटनेचे नाव हा हत्येइतकाच विचारपूर्वक तयार केलेला भाग असतो. श्रेय घेता यावे आणि जबाबदारी झटकताही यावी, अशी त्याची योजना असते.

बदल्याचे समीकरण

राजनैतिक अधिकाऱ्याच्या अनतिक्रम्यतेचे तत्त्व प्राचीन आहे. 'दूत अवध्य' ही कल्पना भारतीय परंपरेसही परिचित आहे. रामायणात हनुमंतास ठार मारण्यापासून रावणास परावृत्त करताना बिभीषण हाच युक्तिवाद करतो. आधुनिक काळात १९६१ आणि १९६३ च्या व्हिएन्ना करारांनी या तत्त्वास कायद्याचे रूप दिले. सत्तरच्या दशकात राजदूतांची अपहरणे वाढल्यावर १९७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय संरक्षण लाभलेल्या व्यक्तींविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र करार केला. परंतु हे सर्व कायदे राष्ट्रांना बांधतात. दूत अवध्य आहे हे रावणास पटविता येते, कारण रावणासही दूत पाठवावे लागतात. ज्या गटास दूत पाठवावयाचे नाहीत आणि स्वीकारावयाचेही नाहीत, त्याच्या लेखी दूत हे केवळ राष्ट्राचे हाताशी आलेले अंग असते.

अपहरणकर्त्यांनी मांडलेले समीकरण सरळ होते : म्हात्रे बरोबर भट. एक जीव द्या आणि एक जीव घ्या. या समीकरणात म्हात्रे हे व्यक्ती उरत नाहीत, ते चलन होतात. उच्चायुक्ताऐवजी बसने फिरणारा, संरक्षण नसलेला अधिकारी निवडला गेला तो याच हिशेबाने. चलनावर शिक्का कोणत्या राष्ट्राचा आहे एवढेच पाहिले जाते. हे समीकरण नाकारणे हे कोणत्याही शासनाचे कर्तव्य होते आणि भारत सरकारने मागणी मान्य केली नाही. इतकेच झाले असते तर समीकरण तेथेच मोडले असते.

परंतु सहा दिवसांनी फाशी झाल्याने ते उलट्या बाजूने पूर्ण झाले. कायद्याच्या कागदावर भट यांची फाशी १९६६ च्या गुन्ह्याची शिक्षा होती. म्हात्रे यांच्या हत्येत भट यांचा सहभाग कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाला नव्हता. ते बंदिवासात होते. मात्र लोकांच्या समजुतीत ती फाशी म्हणजे म्हात्रे यांच्या हत्येचे उत्तर ठरली. यामुळे दोन अनर्थ झाले. पहिला असा की, विहित प्रक्रियेतून आलेली शिक्षाही सूडासारखी दिसू लागली आणि तिचे न्यायिक बळ क्षीण झाले. दुसरा अनर्थ अधिक सूक्ष्म आहे. अपहरणकर्त्यांनी मांडलेली 'म्हात्रे बरोबर भट' ही तुलना शासनाच्या घाईने नकळत मान्य केली. जी किंमत त्यांनी ठरविली तिच्यात हिशेब पुरा झाला.

शासनाच्या बाजूने एक युक्तिवाद करता येईल. फाशी लांबली असती तर भट यांच्या सुटकेसाठी आणखी अपहरणे झाली असती. कैदी जिवंत असणे हेच ओलिसांना निमंत्रण होते. हा युक्तिवाद सहज बाजूस सारता येणार नाही. डिसेंबर १९८९ मध्ये तत्कालीन केंद्रीय गृहमंत्र्यांच्या कन्येचे अपहरण झाले आणि पाच कैदी सोडण्यात आले. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहार येथे नेलेल्या विमानातील प्रवाशांसाठी तीन कैदी सोडावे लागले. त्यानंतरच्या परिणामांची चर्चा सर्वज्ञात आहे. तरीही या उदाहरणांवरून १९८४ च्या घाईचे समर्थन होत नाही. १९८४, १९८९ आणि १९९९ या तीन प्रसंगांत तीन वेगवेगळे निर्णय झाले. त्यांत एकसूत्री धोरण दिसत नाही, तर ओलीस कोण आणि किती यावर ठरलेला तात्कालिक प्रतिसाद दिसतो. म्हात्रे यांच्या वाट्याला वाटाघाटीसाठी पुरेसा वेळही आला नाही, ही वस्तुस्थिती या तुलनेत अधिकच टोचते.

समीकरण पुढेही चालूच राहिले. ४ नोव्हेंबर १९८९ रोजी श्रीनगरमध्ये निवृत्त न्यायाधीश नीलकंठ गंजू यांची हत्या झाली. भट यांच्या फाशीचा बदला म्हणून ती पाहिली गेली. ऑगस्ट १९९१ मध्ये मुंबईचे माजी पोलीस आयुक्त व तत्कालीन राजदूत ज्युलिओ रिबेरो यांच्यावर बुखारेस्ट येथे प्राणघातक हल्ला झाला. तो पंजाबातील फुटीर गटांचा होता. त्यातून रिबेरो बचावले. त्या प्रकरणात पकडलेल्यांना सोडवून घेण्यासाठी ऑक्टोबर १९९१ मध्ये दिल्लीत रुमानियाचे राजनैतिक अधिकारी लिव्हिउ राडू यांचे अपहरण करण्यात आले. काही आठवड्यांनी त्यांची सुटका झाली. राष्ट्रे बदलली, प्रश्न बदलले, पण माणसास चलन मानणारा हिशेब तोच राहिला.

दोन स्मृती, एक विस्मरण

११ फेब्रुवारी हा दिवस काश्मीरमधील फुटीरतावादी गट भट यांचा स्मृतिदिन म्हणून पाळत आले. श्रीनगरच्या ईदगाहजवळील दफनभूमीत भट यांच्यासाठी एक रिकामी कबर राखून ठेवण्यात आली. देह तिहारमध्ये आणि कबर श्रीनगरमध्ये. ही रिकामी जागा राजकीय प्रतीक म्हणून अत्यंत परिणामकारक ठरली. या स्मृतीत म्हात्रे यांना स्थान नाही. असलेच तर ते 'त्या प्रकरणामुळे फाशी लवकर झाली' अशा खंतीच्या स्वरूपात आहे. त्यात दुःख मारल्या गेलेल्या माणसाबद्दल नसून त्याच्या मृत्यूच्या परिणामाबद्दल आहे.

राष्ट्रवादी स्मृती याच्या विरुद्ध टोकास असल्याचे भासते. तिच्या मते भट यांची फाशी हा म्हात्रे यांना मिळालेला न्याय होय. पण या स्मृतीचीही रचना तीच आहे. म्हात्रे हे येथेही कारण आहेत, विषय नाहीत. अलीकडच्या काळात तिहारचे अधिकारी सुनील गुप्ता यांच्या आठवणींवरील 'ब्लॅक वॉरंट' हे इंग्रजी पुस्तक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर आधारित हिंदी मालिका २०२५ मध्ये आली. त्यांत भट यांच्या फाशीचा प्रसंग येतो. कारागृहाच्या आतून सांगितलेल्या कथेत केंद्रस्थानी कैदी असणार, हे स्वाभाविक आहे. त्यास दोष देता येत नाही. दोष आहे तो दुसऱ्या बाजूने कथाच न सांगितली जाण्यात. बर्मिंगहॅमच्या बसथांब्यावरून सुरू होणारी कथा सांगण्याची जबाबदारी कोणाची होती?

येथे 'हुतात्मा' या शब्दाचा विचार अपरिहार्य ठरतो. एखाद्या अधिकाऱ्याची अशी हत्या झाली की हा शब्द आदराने वापरला जातो. त्या आदराविषयी शंका नाही. परंतु हुतात्मा तो, जो स्वतःची आहुती देतो. म्हात्रे यांनी आहुती दिली नाही. त्यांना हिरावून घेण्यात आले. ते घरी चालले होते. त्यांस हुतात्मा म्हटल्याने त्यांच्या मृत्यूस अर्थ प्राप्त होतो, पण त्याच वेळी तो अर्थ राष्ट्राच्या कथेत विलीन होऊन अन्यायाची धार बोथट होते. 'बळी' हा शब्द कमी गौरवाचा असला तरी अधिक सत्य आहे. बळी म्हटले की कोणी दिला आणि कशासाठी, हे प्रश्न जिवंत राहतात.

सोलापूरच्या संदर्भात

हा विषय सोलापूरच्या वाचकास दूरचा वाटण्याचे कारण नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्या स्मृतीने या शहराचे मानस घडविले आहे. त्यामुळे 'हुतात्मा' हा शब्द येथे सैलपणे वापरला जात नाही. १९३० च्या लष्करी कायद्याच्या काळातील त्या चार नावांमागे एक कथा आहे आणि ती शाळेतील मुलासही सांगता येते.

त्याहून जवळचे उदाहरण डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे आहे. सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले कोटणीस देशाच्या वतीने वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच मरण पावले. ते सोलापूरला परतले नाहीत. पण ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला, शहराने स्मारक जपले. परदेशात देशाचे काम करताना मृत्यू पावलेल्या दोन मराठी माणसांपैकी एकाची कथा झाली आणि दुसऱ्याची केवळ पाटी झाली. या फरकाचे कारण त्यांच्या योग्यतेत नाही. कोटणीस यांचे कार्य कथेस अनुकूल होते. म्हात्रे यांच्या कथेचा ताबा मात्र आरंभापासून त्यांच्या मारेकऱ्यांच्या पत्राने घेतला होता.

सोलापूरशी संबंधित आणखी एक धागा आहे. ९ फेब्रुवारी २०१३ रोजी संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यातील अफजल गुरू यास तिहारमध्ये फाशी देण्यात आली, तेव्हा केंद्रीय गृहमंत्रिपदी सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे होते. त्याही वेळी देह कारागृहातच पुरला गेला आणि कुटुंबास पाठविलेले पत्र फाशीनंतर, नेमके ११ फेब्रुवारीस, पोहोचले. शिक्षेची योग्यायोग्यता हा वेगळा प्रश्न आहे; प्रक्रियेच्या पद्धतीने १९८४ ची आठवण जागी केली, हे मात्र निश्चित. जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दयेचा अर्ज फेटाळल्याची सूचना आणि फाशी यांत किमान चौदा दिवसांचे अंतर असावे, असे ठरवून दिले. ब्रिटनमध्येही जन्मठेपेच्या कैद्याने किमान किती वर्षे तुरुंगात काढावीत हे ठरविण्याचा गृहमंत्र्यांचा अधिकार मानवी हक्कांशी विसंगत असल्याचा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने २००२ मध्ये दिला. दोन्ही देशांतील न्यायव्यवस्थांनी वेगवेगळ्या मार्गांनी एकच गोष्ट सांगितली : शिक्षेचे घड्याळ राजकारणाच्या हाती असू नये. १९८४ मध्ये हे चौदा दिवस असते तर फाशी टळली असती असे नव्हे; पण ती म्हात्रे यांच्या मृत्यूची पावती म्हणून वाचली जाण्याचा धोका कमी झाला असता.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी हाती लागतात. म्हात्रे यांच्या हत्येबाबत संशय आणि सिद्धता यांची सीमारेषा काळजीपूर्वक आखली पाहिजे. दोषी ठरलेले दोघे, संशयित संघटना आणि बर्मिंगहॅममधील काश्मिरी समाज या तीन भिन्न गोष्टी आहेत. म्हात्रे यांची हत्या आणि भट यांची फाशी यांचा कालक्रम जवळचा असला तरी त्यांचा न्यायिक आधार वेगळा आहे. एकास दुसऱ्याचे उत्तर मानणे म्हणजे अपहरणकर्त्यांचा हिशेब मान्य करणे होय. आणि या हिशेबाच्या दोन्ही बाजूंस उभ्या असलेल्या स्मृतींनी, हेतू परस्परविरुद्ध असूनही, म्हात्रे यांना एकाच पद्धतीने विसरविले आहे.

महाविद्यालयीन अध्यापनात ही घटना राज्यशास्त्राच्या वर्गात काश्मीर प्रश्नाची एक तळटीप म्हणून येते, आलीच तर. ती आंतरराष्ट्रीय कायद्याच्या, वृत्तपत्रविद्येच्या आणि भाषेच्या वर्गातही शिकविण्याजोगी आहे. ५ फेब्रुवारी १९८४ ते ११ फेब्रुवारी १९८४ या सात दिवसांतील मराठी वृत्तपत्रे ग्रंथालयांतून काढून विद्यार्थ्यांनी वाचावीत. म्हात्रे यांचे नाव शीर्षकातून मजकुरात आणि मजकुरातून तळाशी केव्हा सरकले, भट यांचे नाव वर केव्हा आले, 'संशय' हा शब्द कोणत्या दिवशी गळाला, हे तपासावे. असा साधा अभ्यासही बरेच काही शिकवून जाईल.

रिकाम्या कबरीस देहाची प्रतीक्षा आहे, असे सांगितले जाते. पुण्याच्या पुलास तसे काहीच लागत नाही; त्यावरून रोज हजारो वाहने जातात आणि त्याचे काम उत्तम चालू आहे. परंतु ज्याचे नाव तो धारण करतो त्या माणसाची ओळख 'ज्यांच्या हत्येनंतर भट यांना फाशी झाली ते' अशी दिली जात राहील, तोवर १९८४ च्या त्या पत्रातील समीकरण खोडले गेले असे म्हणता येणार नाही. रवींद्र म्हात्रे हे एका शुक्रवारी कामावरून घरी परतणारे भारताचे अधिकारी होते आणि ते घरी पोहोचले नाहीत. त्यांची कथा सांगावयाची तर ती या वाक्यापासून सांगावी लागेल.